साबण, पेनिसिलिन आणि आम्लाचा दगड

६ एप्रिल १९४७ रोजी मुंबई इलाख्याचे पंतप्रधान बाळासाहेब खेर पुण्याच्या पाषाण रस्त्यावर एक कोनशिला बसवायला आले. (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्यालाही पंतप्रधानच म्हणत.) स्वातंत्र्याला अजून चार महिने होते. देशाचे दोन तुकडे होणार की नाही, हेही ठरायचे होते. अशा दिवसांत गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा पाया घातला जात होता. पावणेतीन वर्षांनी, ३ जानेवारी १९५० रोजी, पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. त्याच दिवसांत भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात भरत होते, त्यामुळे शास्त्रज्ञांची मांदियाळी आयतीच गावात होती. शेजारी गणेशखिंडीत, गव्हर्नरसाहेबांच्या जुन्या प्रासादात, वर्षभरापूर्वीच पुणे विद्यापीठ सुरू झाले होते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा हे या संस्थेचे पूर्ण नाव. पुणेकर तिला एनसीएल म्हणतो आणि पुढे जातो.

पुणेकराने पुढे जाऊ नये, थोडे थांबावे, असे एक कारण आहे. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आम्ल, आम्लारी ओळख’ असा एक पाठ आहे. पुस्तक निघते ते पुण्यातच, सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीतून. निळा लिटमस लाल करते ते आम्ल, लाल लिटमस निळा करते ती आम्लारी, दोघे भेटले की क्षार आणि पाणी. याला उदासिनीकरण म्हणतात. परीक्षेत दोन गुण. पाठ चुकीचा नाही. पण तो वाचून मुलांच्या मनात एक चित्र ठसते. बाटलीतले जळजळीत द्रव म्हणजे आम्ल, त्याचा वैरी म्हणजे आम्लारी, आणि दोघांची गाठ पडली की खेळ खलास. पाषाण रस्त्यावर आणि तिथून बारा-पंधरा किलोमीटरवरच्या पिंपरीत स्वातंत्र्यानंतरच्या चार दशकांत जे घडले, ते या चित्राला जागोजागी छेद देणारे आहे. तिथे खरा प्रश्न आम्ल मारायचे कसे, हा नव्हता. आम्लातला तो हायड्रोजनचा धनभारित कण, प्रोटॉन, नेमका कुठे बसवायचा, कधी काढायचा आणि पुन्हा कधी परत द्यायचा, हा होता.

तसे पाहिले तर हे शास्त्र आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, फक्त कोणी त्याचा पाठ केला नव्हता. पितळेचा तांब्या चिंचेने घासला की लखलखतो, कारण चिंचेतले टार्टारिक आम्ल वरची कळकट पुटे विरघळवते. हळदीला चुन्याची किंवा टाकणखाराची जोड मिळाली की ती लाल होते, आणि त्यातूनच कुंकू तयार होई. हळदीचा डाग पडलेल्या पांढऱ्या सदऱ्याला साबण लावला की डाग लालभडक होतो आणि भरपूर पाण्याने धुतला की मुकाट्याने पुन्हा पिवळा होतो. हा अनुभव नाही असे मराठी घर सापडणे कठीण. साबण आम्लारिधर्मी असतो, एवढे त्यावरून कळते. पण किती? या ‘किती’ने पहिल्या महायुद्धाआधी युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांना चांगलेच छळले, आणि तो प्रश्न सोडवणारा माणूस पुढे पाषाण रस्त्यावर राहायला आला.

जेम्स विल्यम मॅकबेन त्यांचे नाव. जन्म १८८२, कॅनडातल्या न्यू ब्रुन्सविक प्रांतात. शिक्षण टोरोंटोत आणि मग जर्मनीत. १९०६ पासून ते इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला शिकवू लागले आणि तिथे त्यांनी साबणाचे पाणी हातात घेतले. विषय ऐकून लोक हसत असतील. पण साबण हा पुस्तकातल्या व्याख्येप्रमाणे चोख क्षार आहे. तेलातली मेदाम्ले अशक्त आणि कॉस्टिक सोडा सशक्त, अशा विजोड जोडप्याचा हा क्षार. अशक्त आम्ल आपला प्रोटॉन सहजी सोडत नाही आणि सोडलाच तर परत मिळवायला टपलेले असते. म्हणून साबण पाण्यात टाकला की मेदाम्लाचा काही भाग पाण्यातून प्रोटॉन उचलतो, पाण्यात हायड्रॉक्साइड आयन उरतात आणि पाणी आम्लारिधर्मी होते.

इथपर्यंत सगळ्यांना मान्य होते. पेच पुढे होता. साबणाच्या दाट द्रावणातून वीज चांगली वाहते, म्हणजे त्यात भारित कण भरपूर असले पाहिजेत. उलट द्रावणातल्या कणांची संख्या मोजण्याच्या ज्या रीती होत्या, त्या सांगत की कण फारच थोडे आहेत. मग वीज वाहून नेते कोण? बहुतेकांचे उत्तर सोपे होते: साबण फुटून जो कॉस्टिक सोडा मोकळा होतो, तो. मॅकबेननी हे उत्तर नुसते ऐकून घेतले नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रावणातला हायड्रॉक्साइड मोजला, एकाहून अधिक रीतींनी मोजला. तो अगदीच किरकोळ निघाला. इतकी वीज वाहून नेण्याची त्याची कुवतच नव्हती. याचा अर्थ वीज वाहून नेणारे दुसरेच कोणी तरी होते.

मॅकबेन म्हणाले, साबणाचे ऋणभारित आयन एकेकटे फिरत नाहीत. ते पुंजके करून राहतात. तेलकट शेपट्या आत, भारित डोकी बाहेर पाण्याकडे. म्हणून मोजायला गेले तर कण थोडे, पण प्रत्येक कणावर भार मोठा. या पुंजक्यांना त्यांनी मायसेल म्हटले. १९१३ च्या सुमारास लंडनच्या एका सभेत त्यांनी हे मांडले, तेव्हा अध्यक्षस्थानी बसलेल्या बड्या शास्त्रज्ञाने ‘मूर्खपणा आहे, मॅकबेन’ असे म्हणून त्यांना खाली बसवले, अशी कथा रसायनशास्त्रज्ञ अजून एकमेकांना सांगतात. कथेत मीठमसाला किती, देव जाणे. मायसेल मात्र टिकले. आज धुण्याच्या पावडरीपासून औषधांच्या कॅप्सूलपर्यंत त्यांच्यावाचून पान हलत नाही. आपल्या हळदीच्या सदऱ्याचेही तेच. डागाचा रंग बदलतो तो त्या थोड्याशा हायड्रॉक्साइडमुळे, आणि तेलकट मळ निघतो तो पुंजक्यांमुळे. एकाच वडीची ही दोन वेगवेगळी कामे आहेत. आम्लारी जास्त म्हणजे साबण चांगला, असे जे अनेकांना वाटते, ते मॅकबेनच्या मोजणीने शंभर वर्षांपूर्वीच निकालात काढले आहे. कपडे कुजवणारा आणि हात फोडणारा स्वस्त साबण हा उरलेल्या सोड्याचा प्रताप असतो. त्याने मळ जास्त निघतो असे नाही.

मॅकबेन १९२७ पासून अमेरिकेत स्टॅनफर्डला होते. तिथून निवृत्त झाल्यावर, वयाची पासष्टी ओलांडल्यावर, त्यांनी पुण्याला येऊन एनसीएलचे पहिले संचालकपद पत्करले. त्यांच्या निवडीत नवल नव्हते. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख शांतिस्वरूप भटनागर स्वतः याच विषयातले. लंडनला डॉनन यांच्या हाताखाली तेल आणि पाण्याच्या मिश्रणांवर काम केलेले, आणि लाहोरला असताना तेलविहिरीच्या गाळाचा प्रश्न सोडवून अ‍ॅटॉक ऑइल कंपनीकडून मिळालेला पैसा विद्यापीठाला देऊन टाकलेले. नव्या देशाच्या रसायन प्रयोगशाळेला कारखान्याची भाषा येणारा, पण मोजल्याशिवाय न बोलणारा माणूस त्यांना हवा असणार. मॅकबेन १९५२ पर्यंत पुण्यात होते. पुढच्याच वर्षी ते वारले.

त्यांच्या जागी आले जॉर्ज इंगल फिंच. ते आम्ल-आम्लारीच्या वाटेला फारसे गेले नाहीत, पण त्यांना ओलांडून जाणेही जड जाते. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूची नळकांडी पाठीला लावून ते आणि जेफ्री ब्रूस २७,००० फुटांच्या वर पोहोचले होते. त्याआधी कोणीच इतके उंच गेले नव्हते. तेव्हाच्या खानदानी गिर्यारोहकांना प्राणवायू लावून चढणे म्हणजे लबाडी वाटे. २९ मे १९५३ रोजी तेनझिंग आणि हिलरी प्राणवायूसह शिखरावर उभे राहिले, तेव्हा फिंच पाषाण रस्त्यावर संचालकाच्या खुर्चीत होते. त्यांचा शास्त्रातला विषय होता घन पदार्थांचे पृष्ठभाग. इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून पृष्ठभागावर अणू कसे मांडलेले आहेत, ते ते पाहत. रासायनिक क्रिया द्रवातच होते असे नाही, दगडाच्या अंगावरही होते, ही गोष्ट पुढे याच आवारात फार कामी येणार होती.

आता थोडे पिंपरीकडे जाऊ. फिंच पुण्यात असतानाच, १९५४ साली, पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. देशातला हा पहिलाच असा कारखाना. पुढच्या काळात पिंपरी-चिंचवडला मोटारींचे गाव म्हणून जे नाव झाले, त्याच्या आधीचे पिंपरीचे नाव हे पेनिसिलिनचे होते. अजूनही जुने लोक तो सारा परिसर एच.ए. म्हणूनच ओळखतात.

पेनिसिलिन म्हटले की सर्वांना फ्लेमिंग आणि त्याच्या बशीतली बुरशी आठवते. पण बुरशीने बनवलेले औषध कढईभर पातळ रश्शातून बाहेर कसे काढायचे, हा खरा अडसर होता, आणि त्यावर बारा वर्षे कोणाची मात्रा चालली नव्हती. ती चालवली ऑक्सफर्डच्या नॉर्मन हीटली यांनी, १९४० च्या सुमारास. त्यांची युक्ती आठवीच्या पाठाच्या पलीकडची नाही, म्हणून ती सविस्तर सांगतो.

पेनिसिलिन हे एक आम्ल आहे. प्रोटॉन अंगावर असला की त्याच्या रेणूवर भार नसतो, आणि असा रेणू पाण्यापेक्षा ईथर किंवा अ‍ॅसिटेटसारख्या सेंद्रिय द्रावकात सुखाने राहतो. प्रोटॉन काढून घेतला की तो ऋणभारित होतो, क्षाराच्या रूपात जातो आणि पाण्यात राहू लागतो. म्हणून रश्शात आम्ल घालून सामू, म्हणजे पीएच, दोन-अडीचपर्यंत खाली आणायचा. पेनिसिलिन पाणी सोडून द्रावकात जाते, आणि बुरशीचा बराचसा कचरा पाण्यातच मागे राहतो. मग तो द्रावक किंचित आम्लारिधर्मी अशा स्वच्छ पाण्याबरोबर घुसळायचा. पेनिसिलिन प्रोटॉन टाकून पुन्हा पाण्यात येते, आता कितीतरी शुद्ध आणि थोड्या पाण्यात. पहिला टप्पा इतरांनाही सुचला होता. द्रावकात गेलेले पेनिसिलिन निव्वळ सामू बदलून पाण्यात परत बोलावता येईल, हे हीटलींना सुचले. त्यांचे वरिष्ठ सहकारी चेन यांना ते पटले नव्हते, असे सांगतात.

यात एक ग्यानबाची मेख आहे. पेनिसिलिनला आम्ल सोसत नाही. सामू दोनच्या आसपास ते नेहमीच्या तापमानाला काही मिनिटांतच नासू लागते. जास्त आम्लारीही त्याला मारते. म्हणजे ज्या पाण्यातून न्यायचे तेच त्याच्या जिवावर उठलेले. म्हणून कारखान्यात रस्सा आधी थंड करतात, आम्ल अगदी शेवटच्या क्षणी मिसळतात आणि जोराने फिरणाऱ्या यंत्रांत दोन्ही द्रव झटपट वेगळे करतात. पिंपरीच्या कामगाराला आणि रसायनशास्त्रज्ञाला सामू हा परीक्षेतला आकडा नव्हता. तो घसरला तर त्या दिवसाचे औषध गटारात जाई. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी सामूची मोजपट्टी तयार केली, ती बिअर बनवणाऱ्यांच्या उपयोगासाठी. पुढे तिच्यावर किती जणांचे प्राण तोलले गेले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

औषध शरीरात गेल्यावरही खेळ तोच. साधे पेनिसिलिन काही तासांतच लघवीवाटे निघून जाते, म्हणून दिवसातून चार-चारदा सुई टोचावी लागे. त्यावर उपाय निघाला प्रोकेनचा. प्रोकेन ही एक आम्लारी. पेनिसिलिनचे आम्ल आणि प्रोकेनची आम्लारी यांचा जो क्षार होतो, तो पाण्यात जेमतेम विरघळतो. स्नायूत टोचला की तो हळूहळू सुटत राहतो, आणि दिवसाला एक सुई पुरते. आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार, हे समीकरण मुलांना शिकवताना मिठाचेच उदाहरण का द्यावे, मला कळत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत ज्यांनी कमरेत ते दुखरे इंजेक्शन घेतले आहे, त्या आजोबांना विचारले तर ते या क्षाराबद्दल मिठापेक्षा जास्त सांगतील.

१९५७ साली एनसीएलला पहिले भारतीय संचालक मिळाले. प्राध्यापक कृष्णस्वामी वेंकटरमण मूळचे मद्रासचे, मँचेस्टरला रॉबिन्सन यांच्याकडे शिकलेले, मग लाहोर आणि नंतर मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान विभागात, ज्याला तेव्हा सगळे यूडीसीटी म्हणून ओळखत. रंगद्रव्ये हा त्यांचा प्रांत. ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ हा त्यांचा अनेक खंडी ग्रंथ जगभरच्या रंगशास्त्रज्ञांच्या टेबलावर असे. लाहोरला असताना, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी आणि इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनी स्वतंत्रपणे एक क्रिया शोधली, जी आज बेकर-वेंकटरमण पुनर्रचना म्हणून पुस्तकांत आहे. एका जागी जोडलेला अणूंचा गट आम्लारीच्या साहाय्याने दुसऱ्या जागी सरकवायचा आणि त्यातून फुलापानांतल्या पिवळ्या रंगांच्या जातीची संयुगे बनवायची. इथे आम्लारी कोणाला उदासीन करायला आलेली नाही. ती योग्य जागचा एकच प्रोटॉन काढते आणि बाकीचे काम रेणू स्वतःच करतो. एमएस्सीच्या मुलांना ही क्रिया पाठ असते. ती शोधणारा माणूस नऊ वर्षे पाषाण रस्त्यावर होता, हे मात्र त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असते.

आता दगडाची गोष्ट. एनसीएलच्या इतिहासातला मला सर्वांत भावणारा भाग हाच आहे.

पुणे उभे आहे ते काळ्या पाषाणावर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर साचून दख्खनचे पठार झाले. लाव्हा थंड होताना आतल्या वायूंच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या. पुढे कोमट, आम्लारिधर्मी पाणी खडकांतून झिरपत राहिले, सिलिका आणि अ‍ॅल्युमिना विरघळवत राहिले आणि त्या पोकळ्यांत स्फटिक वाढवत राहिले. पांढरे, गुलाबी, फिकट पिवळे. स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट. १८५०-६०च्या दरम्यान बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडले, तेव्हा असे नमुने निघाले आणि साहेबाच्या देशातल्या संग्रहालयांत जाऊन बसले. आजही वाघोलीच्या खाणींतले स्फटिक जगभरचे हौशी लोक घेतात. या खनिजांच्या कुळाला झिओलाइट म्हणतात. क्रॉन्स्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने १७५६ साली असा एक दगड तापवला, तर तो उकळल्यासारखा वाफा सोडू लागला. दगडाच्या आत पाणी होते. आत सूक्ष्म बोगद्यांचे जाळे असल्याशिवाय ते राहिलेच नसते.

या जाळ्याच्या भिंती सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या. सिलिकॉनची संयुजा चार, अ‍ॅल्युमिनियमची तीन. जिथे सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसतो, तिथे चौकटीवर एक ऋणभार जास्तीचा उरतो. तो फेडायला शेजारी सोडियमचा आयन येऊन राहतो. आता हा दगड अमोनियम क्षाराच्या द्रावणात बुडवा. सोडियम बाहेर पडतो, अमोनियम त्याच्या जागी जातो. मग दगड तापवा. अमोनिया वायू होऊन उडून जातो आणि मागे राहतो एकटा प्रोटॉन, अ‍ॅल्युमिनियमशेजारच्या ऑक्सिजनला चिकटून. झाले आम्ल. बाटली नाही, द्रव नाही, हाताला जळजळ नाही. पांढरी भुकटी, आणि तरी पुरेशा तापमानाला गंधकाम्लाच्या तोडीची कामे करणारी. अ‍ॅल्युमिनियम कमी ठेवले तर आम्लाच्या जागा कमी होतात, पण एकेक जागा अधिक तीव्र होते.

१८८०च्या दशकात अर्‍हेनिअस यांनी दिलेली व्याख्या, पाण्यात हायड्रोजनचे आयन देते ते आम्ल, ही शाळेत शिकवतात. तिच्यात हा दगड बसत नाही, कारण इथे पाणीच नाही. १९२३ साली डेन्मार्कचे ब्रन्स्टेड आणि इंग्लंडचे लाउरी यांनी पाणी वगळून व्याख्या केली: प्रोटॉन देते ते आम्ल, घेते ती आम्लारी. ही व्याख्या मुलांना बारावीत भेटते, आणि तीही बहुतेक कोरड्या समीकरणांतून.

वाघोलीचा दगड उचलून कारखान्यात टाकता येत नाही, हे उघड आहे. कारखान्याला हवे तसे बोगदे असलेले झिओलाइट बनवावे लागतात. १९७२ साली अमेरिकेच्या मोबिल कंपनीला झेडएसएम-५ नावाच्या कृत्रिम झिओलाइटचे पेटंट मिळाले. त्याचे बोगदे अर्ध्या नॅनोमीटरहून जरासे रुंद, म्हणजे बेंझीनसारखा रेणू जेमतेम शिरेल इतके. पेट्रोरसायनांच्या धंद्यात त्याने खळबळ उडवली. ज्यांच्याकडे हे तंत्र होते ते हातचे सोडायला तयार नव्हते.

एनसीएलमध्ये पुढे एल. के. दोराइस्वामी संचालक झाले, रासायनिक अभियांत्रिकीतले मोठे नाव. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेतून पॉल रत्नसामी पुण्याला आले आणि उत्प्रेरकांच्या गटाचे काम त्यांनी झिओलाइटवर केंद्रित केले. बनवण्याची रीत ऐकली तर मौज वाटते. सिलिका आणि अ‍ॅल्युमिना कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात घ्यायचे, बोगद्याचा साचा म्हणून एक सेंद्रिय क्षार घालायचा, आणि पोलादी बंद भांड्यात दीडशे अंशांच्या वर तापवत ठेवायचे. दख्खनच्या पोकळ्यांत जे सावकाश घडले, तेच इथे काही दिवसांत. तिकडेही आम्लारिधर्मी पाणी, इकडेही. इतके तीव्र आम्ल जन्माला येते ते आम्लारीच्या पोटी.

या कामातून एन्सिलाइट नावाचा उत्प्रेरक निघाला. पहिला उपयोग बडोद्याच्या इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनमध्ये, १९८०च्या दशकाच्या मध्यास. प्रश्न झायलीनचा होता. झायलीनचे तीन सख्खे भाऊ: ऑर्थो, मेटा, पॅरा. सूत्र एकच, फक्त बेंझीनच्या कड्यावर दोन मिथिल गट कुठे बसले आहेत एवढाच फरक. टेरिलीनच्या धाग्याला पॅरा लागतो, आणि निसर्गतः जास्त मिळतो तो मेटा. आम्लाचा प्रोटॉन कड्यावर क्षणभर बसला की मिथिल गट शेजारच्या जागी सरकू शकतो आणि मेटाचा पॅरा होतो. द्रव आम्लातही हे घडते. पण झिओलाइटच्या अरुंद बोगद्यातून सडपातळ पॅरा कित्येक पटींनी वेगाने सटकतो आणि इतर दोघे आत अडखळतात. अडखळताना त्यांचाही पॅरा होण्याची संधी वाढते. आम्ल किती तीव्र, एवढेच इथे महत्त्वाचे नाही. ते कोणत्या खोलीत बसले आहे, हेही तितकेच.

दुसरे काम मराठी वाचकाला जास्त जवळचे वाटेल. पॉलिस्टायरीनच्या प्लास्टिकसाठी एथिलबेंझीन लागते. जगभरची जुनी रीत अशी: पेट्रोलियमपासून मिळालेले एथिलीन आणि बेंझीन यांच्यात अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड हा आम्लधर्मी उत्प्रेरक घालायचा, बरोबर हायड्रोक्लोरिक आम्ल. काम होते, पण नळ आणि भांडी खाल्ली जातात, आणि शेवटी उरलेला आम्लाचा गाळ आम्लारी घालून उदासीन करून कुठे तरी टाकावा लागतो. आठवीतले उदासिनीकरण इथे खर्चाच्या वहीत येऊन बसते. भारतात एथिलीनची टंचाई. पण १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यापासून महाराष्ट्रात कारखान्यांचे पेव फुटले होते, आणि मळीपासून अल्कोहोल हवे तितके निघत होते. मग एथिलीनऐवजी थेट अल्कोहोलच का वापरू नये? जुन्या रीतीत ते शक्य नव्हते. अल्कोहोल आणि बेंझीन यांच्यातून एथिलबेंझीनबरोबर पाणी बाहेर पडते आणि अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड पाण्याशी गाठ पडताच नष्ट होते. सिलिका जास्त असलेल्या झिओलाइटला मात्र पाण्याचे वावडे नसते. उलट ते पाण्याला आत फारसा थारा देत नाही आणि बेंझीनला देते. एनसीएलने ही प्रक्रिया उभी केली, तिला अल्बीन असे नाव दिले, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती विशाखापट्टणच्या हिंदुस्तान पॉलिमर्समध्ये चालू झाली.

या प्रक्रियेत आम्ल एका उभ्या पोलादी नळकांड्यात गोळ्यांच्या रूपात भरलेले असते. वरून बेंझीन आणि अल्कोहोलची गरम वाफ जाते, खालून एथिलबेंझीन आणि पाण्याची वाफ येते. गोळ्या जागच्या हलत नाहीत. काही काळाने त्यांच्यावर कार्बनचे काळे पुट चढते आणि आम्लाच्या जागा झाकल्या जातात. तेव्हा आत हवा सोडून ते पुट जाळून टाकतात. प्रोटॉन होते तिथेच असतात. काम पुन्हा सुरू होते.